सभेत उभे राहिल्यावर होणारा थरकाप मैत्रिणींच्या मदतीने कमी होतो का?

तुम्ही लिहिले आहे की पुण्यातल्या एका कंपनीत तुम्हाला नुकतीच बढती मिळाली असून पुढच्या महिन्यात साठ जणांसमोर विभागाचा अहवाल मांडायचा आहे. नुसत्या विचाराने हातपाय गार पडतात. यजमान म्हणतात ‘मी तुझी तयारी करून घेतो’, मैत्रीण म्हणते ‘आपण बायका मिळून काहीतरी करू’, आणि या दुसऱ्या बोलण्यात खरोखर काही अर्थ आहे का, असा तुमचा प्रश्न आहे. अर्थ आहे, असे मी अनुभवाने सांगू शकते. मात्र मैत्रिणी धीर देतात म्हणून नव्हे, तर त्या कामाला लागल्या तरच. हा फरक कळायला मला एक फजिती आणि त्यानंतरचे वर्षभर लागले, म्हणून सुरुवात फजितीपासूनच करते.

मी सहकारनगरमध्ये राहते आणि हिशेबाची कामे करते. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या समितीवर मी महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवरून आले, आणि आकड्यांची सवय आहे म्हणून खजिनदारपद माझ्याकडे आले. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते; त्याप्रमाणे सप्टेंबरातल्या एका रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा भरली. जमाखर्च मीच लिहिला होता, त्यातला पै न् पै मला माहीत होता. तरीही माइक हातात आल्यावर कागद असा थरथरू लागला की त्याचा आवाज माइकमधून ऐकू आला, आणि सिंकिंग फंडाच्या, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायच्या निधीच्या, आकड्यापाशी माझा घसा बंद झाला. पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ सभासद अगदी आपुलकीने म्हणाले, “वहिनी, बसा तुम्ही, साहेब वाचतील.” साहेब म्हणजे माझे यजमान. ते उठले, कागद माझ्या हातातून घेतला आणि खणखणीत आवाजात सगळे वाचून टाकले. त्यांना त्या आकड्यांतले काहीही ठाऊक नव्हते. सभेने टाळ्या वाजवल्या. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांनी मला वाचवलेच. पण वाचवले गेल्याची ती जाणीव पुढे कित्येक दिवस ताटात वाढलेल्या कारल्यासारखी समोर येत राहिली.

त्या महिन्याच्या भिशीत हा विषय निघणे अटळ होते. आम्ही अकरा जणी आहोत. सगळ्यांनी सांत्वन केले, आणि मग एकीने सहज विचारले, “तू हळदीकुंकवाला चाळीस बायकांत लांबलचक उखाणा घेतेस, तेव्हा कुठे जाते ही भीती?” मला उत्तर सुचेना. नंतर विचार केल्यावर लक्षात आले की उखाण्याच्या वेळी शब्द आधीपासून पाठ असतात, ते किती वेळात संपणार हे ठरलेले असते आणि ऐकणारीला आपण जिंकावे असेच वाटत असते; चुकले तरी हशा पिकतो आणि पुन्हा घ्यायला सांगतात. सभेत यांतले काहीच नसते. म्हणजे बोलणे मला येत होते, फक्त ते एकाच प्रकारच्या खोलीत येत होते, आणि करायचे ते एवढेच होते की त्या खोलीतून या खोलीत जायला मधे चार पायऱ्या बांधायच्या.

त्या पायऱ्या आम्ही भिशीतच बांधल्या. ज्या महिन्यात जिची भिशी लागेल तिने उभे राहून सात मिनिटे बोलायचे आणि बाकीच्या दहा जणींनी दोन-दोन मिनिटे, असा नियम केला; सगळे मिळून अर्ध्या तासात आटोपत असे आणि मग बटाटेवडे. विषय कोणताही चाले. एकीने गॅसचा रेग्युलेटर कसा तपासावा हे सांगितले, एकीने आपल्या सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची हकिगत सांगितली. पहिले दोन महिने मात्र हा सगळा प्रकार निरुपयोगी होता, आणि त्याचे कारण आमचे कौतुक. प्रत्येकीचे झाले की ‘किती छान’, ‘मस्तच बोललीस’ असा गजर होई, आणि बोलणारीला आपण नेमके काय केले याचा पत्ता लागत नसे. आमच्यात शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. त्यांनी तिसऱ्या महिन्यात ‘छान’ या शब्दावर बंदी घातली. प्रत्येक ऐकणारीने दोनच गोष्टी सांगायच्या: या बोलण्यातले आपल्याला काय आठवते, आणि आपले लक्ष नेमके कुठे सुटले. हे ऐकायला सोपे वाटते, पण त्याने सगळे बदलले. बोलणारीचे लक्ष स्वतःच्या हातापायांवरून उठून समोरच्या बाईच्या डोक्यात काय पोहोचते आहे याकडे जाऊ लागले. भीती कमी होण्याचा हाच रस्ता आहे, असे माझे मत अजून पक्के आहे. धीट व्हायचे असे ठरवून कोणी धीट होत नाही.

याच काळात एक गंमत कळली. दर वेळी बोलून झाल्यावर मी विचारी, “माझे हात किती कापत होते?” आणि दर वेळी निम्म्याहून अधिक जणींना ते दिसलेलेच नसत. ही मैत्रिणींची भीड असावी असे मला वाटे. पण या विषयावर प्रयोग झालेले आहेत. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की आपली घबराट श्रोत्यांना जितकी दिसते असे वक्त्याला वाटते, त्यापेक्षा ती प्रत्यक्षात कमी दिसते. आणि ज्या वक्त्यांना ही गोष्ट आधी समजावून सांगितली त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. तुम्ही आज एवढे एकच लक्षात ठेवले तरी चालेल.

यजमानांच्या मदतीबद्दल तुम्ही विचारले आहे, म्हणून एक जुना प्रयोग सांगते. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात १९९५ मध्ये काही स्त्रीपुरुषांना अनोळखी परीक्षकांसमोर भाषण करायला लावले आणि कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण मोजले. तयारीच्या वेळी प्रेयसी सोबत असलेल्या पुरुषांचा ताण कमी भरला; प्रियकर सोबत असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र तो वाढण्याकडे कल दिसला. एका प्रयोगावरून नवऱ्यांना खोलीबाहेर काढू नये, हे मान्य. तरी मला तो निष्कर्ष वाचून हायसे वाटले, कारण घरी तालीम करताना माझेही तेच होत असे: यजमान प्रेमाने सुधारणा सुचवत आणि मला प्रत्येक सूचनेत परीक्षा दिसे. त्यांना मी शेवटच्या आठवड्यातली एक तालीम ऐकण्याचे काम दिले, आणि ते त्यांनी चोख केले.

पुण्यात ही काही नवी गोष्ट नाही. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये इथेच आर्य महिला समाज स्थापन केला. तिथे जमणाऱ्या स्त्रियांत रमाबाई रानडेही होत्या, आणि तिथे जाण्यावरून त्यांना घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खावी लागत. रमाबाई रानड्यांचे पहिले जाहीर भाषण नाशिकचे, आणि ते त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांनी लिहून दिलेले होते. पुढे १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन उभे करणाऱ्या बाईची सुरुवातही दुसऱ्याने लिहिलेल्या कागदाने झाली होती, हे मला माझ्या फजितीनंतर फार उपयोगी पडले.

आता शरीराचे. सर्वांत जास्त उपयोग झाला तो आमच्यातल्या काकूंचा, ज्या सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात कीर्तन शिकल्या आहेत. रविवारी सकाळी तळजाईच्या टेकडीवर फिरायला गेलो की त्या मला झाडांसमोर उभे करून ताळेबंद म्हणायला लावत, आणि येणारेजाणारे बघत राहत (याचीही सवय झाली, तो वेगळाच फायदा). त्यांचे म्हणणे असे की घाबरलेला माणूस पट्टी चढवून सुरुवात करतो, मग वर जायला जागा उरत नाही आणि आवाज फाटतो. म्हणून पहिले वाक्य मुद्दाम खालच्या सुरात आणि सावकाश म्हणायचे. कीर्तनात नमन असते ते देवासाठी, तसेच गळ्यासाठीही असते. नमनाला घडाभर तेल नको हे खरे, पण दोन थेंब लागतातच: पहिली तीन-चार वाक्ये इतकी पाठ हवीत की मन जागेवर नसतानाही ती तोंडातून निघतील, आणि तेवढ्या वेळात अंगातला अॅड्रेनलिनचा पहिला जोर ओसरू लागतो. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला की हृदयाचे ठोके मंदावतात. मी उठण्याआधी असे पाच-सहा श्वास घेते. घाबरल्यावर लाळ कमी होऊन तोंड कोरडे पडते, त्यासाठी कोमट पाण्याची बाटली. आणि कागद कधीही सुटा धरू नका. मुलाचा परीक्षेचा पॅड घ्या. हात कापले तरी पॅड फडफडत नाही.

पुढच्या सप्टेंबरात पुन्हा सभा झाली. आमच्या इमारतीतल्या पाच जणी एकत्र न बसता ठिकठिकाणी बसल्या, म्हणजे मी कुठेही पाहिले तरी ओळखीचा चेहरा दिसे. अहवाल झाल्यावर पहिला प्रश्न शाळेतल्या बाईंनी विचारला, लिफ्टच्या देखभाल कराराबद्दल. ही लबाडी आहे का, असा प्रश्न मलाही पडला होता; पण प्रश्न त्यांचा खराच होता, आम्ही फक्त तो आधी विचारायचे ठरवले होते. त्यानंतर सभेत कधीही तोंड न उघडलेल्या दोघींनी प्रश्न विचारले. दहा देशांतल्या २४७ शैक्षणिक व्याख्यानांची पाहणी करून २०१८ मध्ये संशोधकांनी हेच नोंदवले होते की पहिला प्रश्न पुरुषाने विचारला तर पुढच्या प्रश्नांत स्त्रियांचा वाटा कमी राहतो. मग पहिल्या रांगेतल्या त्याच ज्येष्ठ सभासदांनी सिंकिंग फंडाबद्दल विचारले. बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.२५ टक्के हा नियम, आपली वर्गणी, बँकेतली ठेव आणि अहवालाचा पृष्ठक्रमांक मी सांगितला. ते “बरं” म्हणाले आणि पान उलटू लागले.

तुमच्याकडे वर्ष नाही, महिना आहे, आणि श्रोत्यांत पुरुषही असणार. पहिले दोन आठवडे तीन-चार मैत्रिणींपुढे एक दिवसाआड उभ्या राहा आणि ‘छान’वर बंदी ठेवा. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसातल्या दोन-तीन सहकाऱ्यांना, त्यांत एखादा पुरुष असू द्या, रिकाम्या मीटिंग रूममध्ये तेच ऐकवा, कारण बायकांच्या खोलीतच राहिलात तर धीटपणाही तिथेच राहतो. पुढे हा सराव टिकवायचा असेल तर पुण्यात टोस्टमास्टर्सचे क्लब आहेत. तिथे वेळ पाळायला हिरवा, पिवळा, लाल दिवा असतो आणि ‘म्हणजे’, ‘अं’ मोजणारी व्यक्ती नेमलेली असते. (१९२४ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने स्त्रियांना सभासदत्व द्यायला १९७३ साल उजाडले, पण ते असो.) मात्र या भीतीमुळे झोप उडाली असेल, किंवा तुम्ही बढतीच नाकारायला निघाला असाल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, त्यावर उपचार आहेत आणि ते काम मैत्रिणींचे नाही.

सुरुवातीच्या दोन मिनिटांत मला अजूनही गुडघे जाणवतात. तेव्हा मी दुसऱ्या रांगेत डावीकडे पाहते. तिथे कीर्तनवाल्या काकू बसलेल्या असतात, आणि मांडीवरचा त्यांचा तळहात हळूच खाली दाबून मला खूण करत असतो: सूर उतरव.