बांधावर राहिलेली चप्पल

प्रश्न : सिस्टर, आमचे मामंजी ६४ वर्षांचे आहेत. पंधरा वर्षांपासून शुगर आहे. द्राक्षबागेत अनवाणीच फिरतात. डाव्या तळव्यावर, अंगठ्याखाली कुरूप झालंय. मेडिकलमधून कुरुपाची पट्टी आणली आहे. गेल्या आठवड्यात एक चप्पल बांधावर राहिली, ते घरी आल्यावर कळलं! दुखत नाही म्हणतात, म्हणून दवाखान्याला तयार नाहीत. पट्टी लावू का?
– एक सूनबाई, तासगाव तालुका

उत्तर : ताई, पट्टी लावू नका. तिच्यात सॅलिसिलिक आम्ल असतं. ते कुरुपाबरोबर भोवतालची चांगली कातडीही खातं, आणि बधिर पायाला त्याची आग कळत नाही. घरी ब्लेडनं तासायचं तर नावच नको.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त घोर लागला तो चप्पल राहिल्याचा. मिरजेत ड्रेसिंगच्या खोलीत मी ३१ वर्षं काढली. पायाला जखम घेऊन आलेल्या शुगरच्या माणसाला आधी हेच विचारायची, "चप्पल निसटली तर कळतं का?" बरेच जण म्हणायचे, "न्हाई, पोरं सांगत्यात."

शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरायला लागतात. पावलात २६ हाडं आहेत. एरवी चालताना कुठं टोचलं, दाब पडला, की आपण नकळत भार दुसरीकडे टाकतो. बधिर पाय तसं करत नाही. एकाच जागी दाब बसत राहतो, कातडी जाड होते, आणि त्या जाड कातडीखाली आतल्या आत जखम होते. मामंजींचं कुरूप बहुधा तसंच आहे. त्यात काळा किंवा लालसर ठिपका दिसला तर आत रक्त साकळलंय असं समजा आणि त्याच दिवशी दाखवा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आणि सुजलेला लागला तरी थांबू नका.

वेल्लोरला १९४६ मध्ये आलेले आणि पुढे कुष्ठरुग्णांवर उपचार करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिलं. रुग्णांची बोटं आपोआप झडत नव्हती. दुखणं कळत नसल्यामुळे भाजून, कापून, घासून जात होती.

माझे वडील गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळात गूळ करणारे होते. चुलवाणाजवळ त्यांचा पाय भाजला. रात्री आईला वास आला तेव्हा कळलं. करंगळी गेली. तेही "दुखत नाही" असंच म्हणत होते. म्हणून हे पोटतिडकीनं लिहिते आहे.

डॉक्टरांकडे गेलात की दहा ग्रॅमच्या नायलॉन दोऱ्यानं तळव्याची तपासणी करायला सांगा. दोरा वाकेपर्यंत टेकवतात, कळतं का बघतात. सुई नाही, कापाकापी नाही, हे मामंजींना आधीच सांगा. कुरूप मात्र तिथंच, डॉक्टरांकडूनच तासून घ्यावं.

बागेत अनवाणी जाणं मात्र आजपासून बंद. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर खाली पडलेल्या काड्या खिळ्यासारख्या असतात, आणि त्या दिवसांत काळी माती दुपारी किती तापते ते तुम्हाला ठाऊक आहे. मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे स्पंजासारख्या) रबराची, मागं पट्टा असलेली चप्पल घ्या. संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घालण्याआधी हात फिरवून आत खडा नाही ना ते पाहायचं. शेकायला गरम वीट नको. गरम पाणी घेतलंच तर आधी कोपर बुडवून तुम्ही बघा. भेगांना व्हॅसलिन चालेल, बोटांच्या बेचक्यात मात्र काही लावू नका, तिथं ओल राहिली की चिखल्या होतात.

आणखी एक. घरात धान्याची पोती असतील तर रात्री मच्छरदाणी नीट खोचून घ्या. झोपेत उंदरानं बोट कुरतडलेले पेशंट मी स्वतः पाहिलेत.

रोज रात्री जेवणानंतर तळवे बॅटरीच्या उजेडात कुणीतरी बघायचे. सुनेनं पाय बघायला मामंजी संकोचतील. नातवंडांपैकी एकाला हे काम द्या, त्याला ते नाही म्हणणार नाहीत.