विम्याच्या नोंदींवरून स्नायूंचा आजार किती बळावला ते कळतं का?

प्रश्न अमेरिकेतल्या विमा दाव्यांवरून डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या, मुख्यतः मुलग्यांना होणाऱ्या आणि स्नायू हळूहळू कमजोर करणाऱ्या आनुवंशिक आजाराचा प्रवास मांडता येईल का, असा आहे. येतो, पण आडवळणाने. दाव्यात मुलगा किती मीटर चालला हे नसतं. बिल कशाचं लागलं तेवढंच असतं. त्यामुळे खुणा शोधाव्या लागतात: स्टेरॉइड सुरू झालं, व्हीलचेअर आली, मणक्याची शस्त्रक्रिया झाली, रात्रीचं श्वसनयंत्र लागलं.

खरी गोची कोडची, म्हणजे दाव्यात आजाराच्या नावाऐवजी लिहायच्या ठरावीक क्रमांकाची आहे. १ ऑक्टोबर २०१८ पर्यंत बहुतेक डिस्ट्रॉफी एकाच जी ७१.० कोडखाली कोंबलेल्या होत्या. मग जी ७१.०१ आला, पण त्यातही डुशेन आणि बेकर एकत्रच! बेकर हा त्याच जातीचा आजार, पण बराच सौम्य, उशिरा दिसणारा. म्हणून वय आणि स्टेरॉइड पाहून अंदाज बांधावा लागतो.

व्हीलचेअरच्या बिलाची तारीख म्हणजे चालणं थांबल्याची तारीख, असं मात्र धरू नका. कुणी लांबच्या अंतरासाठी आधीच घेतं, कुणाची मंजुरी महिनोन्महिने अडकते. शिवाय नोकरी बदलली की विमा बदलतो आणि नोंदींचा धागाच तुटतो. दवाखान्यातल्या तपासण्यांच्या नोंदी जोडता आल्या, तर आधी त्या जोडा.