गंगापूर धरणावर चालवतो त्या छोट्या शिडाच्या बोटीचा सेंटरबोर्ड (तळाच्या फटीतून पाण्यात उतरणारी फळी) खाली उतरतच नाही. काय करावं?

आधी वरून ठोकणं बंद करा. सेंटरबोर्ड ज्या पेटीत बसतो तिची भिंत चिरली, तर पाणी थेट बोटीत येतं आणि ते काम फार किचकट.

डोलकाठी काढून बोट जुन्या टायरवर कुशीला झोपवा आणि तळाच्या फटीत टॉर्च मारा. बोट काठावर ओढताना वाळू-खडे आत शिरतात. हरभऱ्याएवढा एक खडासुद्धा पाचरीसारखा अडकतो. हॅक्सॉचं जुनं पातं फिरवून तो बाहेर काढा, मग पाइपने जोरात पाणी मारा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

नाही भागलं, तर बहुधा सेंटरबोर्डचं लाकूड फुगलंय. सेंटरबोर्ड ज्या पिनवर फिरतो ती काढून तो बाहेर घ्या. रंगाला फोड आलेत तिथे नख दाबून बघा, मऊ लागलं की पाणी आत मुरलंय. तो सावलीत वाळवा, उन्हात वाकतो. चार-चार दिवसांनी वजन करा. वजन उतरायचं थांबलं की वाळला. नाशिकच्या पावसाळ्यात हे जमत नाही, दिवाळीनंतरच काढा. मग घासून इपॉक्सीचे तीन हात द्या, पण दोन्ही बाजूंना २-३ मिमी जागा राहू द्या.

पिनचं भोक मोठं झालं असेल, तर ते घट्ट इपॉक्सीने भरून पिनच्या मापाने पुन्हा पाडा. पिनचे रबरी वॉशर त्याच वेळी बदला, गळती बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. ग्रीस लावू नका, त्याला वाळू चिकटते.