स्तनाच्या कर्करोगाचे तज्ज्ञ होण्यासाठी कोणती शाखा निवडावी, आणि इतकी वर्षे देणे सार्थ ठरते का?

आपण नवी मुंबईत एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला आहात असे लिहिले आहे. मी ठाण्यात याच आजाराच्या शस्त्रक्रिया करते, त्यामुळे माझे उत्तर शल्यशाखेकडे थोडे झुकलेले असणार.

या क्षेत्रात बहुतेक डॉक्टर तीन वाटांनी येतात. जनरल सर्जरीत एम.एस. करून सर्जिकल ऑन्कोलॉजीत (कर्करोगाच्या शस्त्रक्रिया) एम.सी.एच.; मेडिसिनमध्ये एम.डी. करून मेडिकल ऑन्कोलॉजीत (कर्करोगावरील औषधोपचार) डी.एम.; किंवा थेट रेडिएशन ऑन्कोलॉजीत (किरणोपचार) एम.डी. इंटर्नशिप धरून एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे मोजली, तर पहिल्या दोन वाटा साडेअकरा वर्षांच्या आणि तिसरी साडेआठ वर्षांची होते. बंधपत्रानुसार करावी लागणारी सरकारी सेवा आणि नीट या प्रवेशपरीक्षेच्या तयारीत गेलेला काळ वेगळा. शिवाय एम.सी.एच.मध्ये तोंडाच्या, जठराच्या, अंडाशयाच्या कर्करोगावरही तितकेच काम करावे लागते. केवळ स्तनाचा कर्करोग हे क्षेत्र बहुधा नंतर फेलोशिपने किंवा नोकरीच्या ओघात ठरते.

शल्यशाखा निवडताना एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण विद्यार्थ्यांची कल्पना येथेच चुकते. या आजारात शस्त्रक्रिया गेल्या काही दशकांत लहान होत गेली आहे. अमेरिकेतील बर्नार्ड फिशर आणि इटलीतील उंबेर्तो वेरोनेसी यांच्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले आणि सुरुवातीच्या टप्प्यात केवळ गाठ काढून रेडिएशन दिले तरी रुग्ण पूर्ण स्तन काढलेल्यांइतक्याच जगतात, हे पक्के झाले. बायोप्सीत हर-2 (गाठ वाढवणारे एक प्रथिन) पॉझिटिव्ह आले आणि गाठ मोठी असली, तर बहुधा आधी केमो व या प्रथिनावर नेमके काम करणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध दिले जाते आणि सर्जनला काही महिने थांबावे लागते. हे सारे ट्यूमर बोर्डात, म्हणजे रुग्णाच्या उपचारांवर चर्चेसाठी भरणाऱ्या बैठकीत, तिन्ही शाखांचे डॉक्टर मिळून ठरवतात. ज्याला केवळ चाकू चालवण्याची हौस आहे, त्याचा तेथे हिरमोड होतो.

संशोधनाची ओढ असल्यास टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक ही कर्करोग संशोधन संस्था आपल्या नवी मुंबईतील खारघरमध्येच आहे. याच केंद्राच्या मुंबईतील चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली. सुमारे दीड लाख स्त्रियांच्या वीस वर्षांच्या या अभ्यासात पन्नाशीपुढील गटात स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. मॅमोग्राफी जेथे पोहोचत नाही, तेथे असे काम मला कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा मोलाचे वाटते.

वर्षे सार्थ ठरतात का, याचे माझे उत्तर होय असे आहे, मात्र पैसा उशिरा येतो हे गृहीत धरून. बऱ्याच रुग्णांना हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्या पाच ते दहा वर्षे चालतात, त्यामुळे रुग्ण दीर्घकाळ आपल्या संपर्कात राहतात. याउलट, गाठ दुखत नव्हती म्हणून वर्षभर घरी थांबलेली बाई आणि ‘तिला काही सांगू नका’ असे दाराबाहेर विनवणारे तिचे नातेवाईक, हेही ओपीडीत नेहमीचेच असते. तिला तिचा आजार स्वतः सांगणे हा कामाचाच भाग आहे आणि तो कोणत्याही शाखेत टळत नाही.

शाखेचा निर्णय आज घेण्याची गरज नाही. इंटर्नशिपमध्ये सर्जरी आणि मेडिसिन दोन्हींच्या पोस्टिंग मन लावून करा, शक्य झाल्यास एखाद्या कर्करोग रुग्णालयाच्या ओपीडीत बसण्याची परवानगी मिळवा, आणि मगच एम.एस. की एम.डी. ते ठरवा.