कॅनडाचं पीआर आलं, आता पुण्यातला फ्लॅट विकू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की कॅनडाचं पीआर (तिथे कायम राहायचा परवाना) आलंय, जानेवारी 2026 मध्ये चौघं टोरोंटोला निघताय, नोकरी दोघांचीही अजून ठरलेली नाही आणि पिंपळे सौदागरचा फ्लॅट (2014-15 ला 45 लाखांना घेतलेला, आता 95 लाख येतायत, लोन फिटलेलं) विकून टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला घराचं डाउन पेमेंट करायचं का. माझं मत, आत्ता नको.

निघायच्या आधी विकलं तर टॅक्स वाचतो असं मित्राने सांगितलं ते बरोबरच आहे. जानेवारीत निघताय म्हणजे 2025-26 या आर्थिक वर्षात तुम्ही टॅक्सला रेसिडेंटच, त्यामुळे इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणं) घेऊन 20 टक्क्यांचा पर्याय मिळतो. 45 लाखांची किंमत इंडेक्स होऊन साधारण 70.5 लाख होते, म्हणजे उरलेल्या 24.5 लाखांच्या नफ्यावर टॅक्स 4.9 लाखांच्या आसपास. एनआरआय झाल्यावर तो पर्याय नाही, सरळ 50 लाखांच्या नफ्यावर 12.5 टक्के म्हणजे 6.25 लाख (सेस वेगळा), आणि वर खरेदीदार टीडीएस नफ्यावर नाही तर पूर्ण रकमेवर कापतो, आधी लोअर डिडक्शन सर्टिफिकेट (कमी टीडीएस कापायची इन्कम टॅक्स खात्याची परवानगी) काढलं नाही तर मोठी रक्कम रिफंडपर्यंत अडकते. आणि कॅनडात घर घेऊन इथला कॅपिटल गेन टॅक्स (विक्रीच्या नफ्यावरचा हाच टॅक्स) वाचत नाही, त्यासाठी नवं घर भारतातच लागतं.

म्हणजे थांबण्याची किंमत साधारण सव्वा-दीड लाख आणि थोडी कागदपत्रं. मला ती परवडणारी वाटते, कारण दोघांचे पगार सुरू नसताना 95 लाखांची एकमेव मालमत्ता अशा शहरात गुंतवायची जिथे मुलांची शाळा कुठे आणि तुमचं ऑफिस कुठे हेच अजून माहीत नाही, हे मला फार जोखमीचं वाटतं. पीआर टिकवायला पाच वर्षांत 730 दिवस तिथे राहावं लागतं, म्हणजे नोकरीचं जमलं नाही आणि काही काळ परत यावं लागलं तरी पीआर लगेच जात नाही, अशा वेळी पुण्यात स्वतःचं घर असणं फार मोठी गोष्ट आहे. पहिलं वर्ष तिथे भाड्यानेच राहा.

एक काम मात्र नक्की करा. तिथे रेसिडेंट व्हाल त्या तारखेचा बाजारभाव कॅनडा तुमची खरेदी किंमत धरतो, त्याच्या आधीच्या वाढीवर तिकडे टॅक्स नाही, म्हणून त्या तारखेचा रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा रिपोर्ट घेऊन ठेवा. भाडं एनआरओ खात्यात (एनआरआयचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) घ्या, भाडेकरूला 30 टक्के टीडीएस (अधिक सेस) कापावा लागेल हे आधीच सांगा, आणि ते भाडं कॅनडाच्या रिटर्नमध्येही दाखवायचं, इथे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट तिथे मिळतं. कॅनडाबाहेरची मालमत्ता एक लाख कॅनेडियन डॉलरच्या वर असली की ती तिथल्या टॅक्स खात्याला कळवायचा टी1135 फॉर्म लागतो, पहिल्या वर्षी नाही, पण दुसऱ्या वर्षापासून विसरू नका, उशिराला रोज 25 डॉलर दंड आहे.

पीपीएफ चालू ठेवा, मॅच्युरिटीपर्यंत चालतं, पुढे वाढवता मात्र येणार नाही. आणि भावाच्या नावाने पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी निघायच्या आधीच रजिस्टर करून घ्या, भाडेकरार आणि सोसायटीच्या कामापुरतीच, विक्रीचा अधिकार त्यात अजिबात टाकू नका.