११ हजारांची ट्रॉली, हप्ता १,८३३: घ्यावी का?

आर्वी तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचा प्रश्न आला आहे. थोडक्यात देते:

"मी एका संस्थेत शेतीगटांना प्रशिक्षण देते. मानधन १४ हजार. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. वर्षातून चार-पाच वेळा संस्थेच्या खर्चाने विमानाने पुण्याला, बंगळुरूला जावं लागतं. उंची ४ फूट १० इंच, वजन ४३ किलो. विमानात बॅग वर ठेवायची म्हटलं की दर वेळी कुणाला तरी 'भाऊ, एवढी वर ठेवून द्या ना' म्हणावं लागतं. म्हणून मागच्या वेळी काउंटरवरच देऊन टाकली, तर नागपूरला सामानाच्या पट्ट्यावर यायला उशीर झाला. शेवटची एसटी गेली, गणेशपेठला लॉजमध्ये १,२०० रुपये गेले. आता नागपूरच्या दुकानात एक केबिन ट्रॉली पाहून ठेवली आहे. किंमत १०,९९९, सहा बिनव्याजी हप्ते. रोख घेतली तर ९,४००. बाजूला टाकलेले साडेसहा हजार आहेत. मिस्टर म्हणतात, नागपूरला सीताबर्डीवर फुटपाथला हजारात मिळते. काय करू?"

ताई, ट्रॉली घेऊ नका. हप्त्याने तर नाहीच. आणि मिस्टरांची हजाराची बॅगही नको. चार हजारांच्या आत पाठीवरची एक हलकी सॅक घ्या, रोखीने, आणि उरलेले अडीच हजार जिथे आहेत तिथेच राहू द्या.

आधी हप्त्याचं बघू, कारण ते लवकर आटपतं. दुकानदाराने तुम्हाला दोन किमती सांगितल्या, तिथेच त्याचं बिनव्याजी उघडं पडलं. रोख ९,४००, हप्त्याने १०,९९९. मधले १,५९९ रुपये म्हणजे व्याजच, फक्त ते किमतीत बसवून सांगितलं आहे. आता हे व्याज कशावर? पहिल्या महिन्यात तुमच्यावर ९,४०० चं कर्ज असतं, पण दर हप्त्याला ते उतरत जातं, त्यामुळे सहा महिन्यांची सरासरी साडेपाच हजारांच्या आसपास येते. साडेपाच हजारांवर सहा महिन्यांत १,५९९, म्हणजे वर्षाच्या हिशेबाने ५० टक्क्यांच्या वर. वरून प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी असेल तर तो वेगळा. तुमच्या बचत गटात अंतर्गत कर्ज महिन्याला २ टक्क्यांनी मिळत असेल, तर त्याचे वर्षाचे २४ होतात. म्हणजे गटाचं कर्जसुद्धा या 'बिनव्याजी'च्या निम्म्याहून स्वस्त! रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. तरी पाटी काही दुकानांवरून उतरली नाही.

आणि हप्त्याची वेळ बघा. मृग तोंडावर आहे. जूनपासून सहा हप्ते म्हणजे बियाणं, खत, डवरणी, निंदण, पोरांच्या वह्या-पुस्तकं, पोळा, सगळं त्याच महिन्यांत. कापसाचा चुकारा हातात येईल तेव्हा हप्ते संपत आलेले असतील. पगारदार माणसाला १,८३३ दर महिन्याला सारखेच लागतात. कोरडवाहू घराला ऑगस्टमधले १,८३३ आणि डिसेंबरमधले १,८३३ सारखे नसतात, हे मी तुम्हाला काय सांगायचं.

आता बॅगेकडे. माझं म्हणणं असं की तुम्ही पैसे कोणत्या गोष्टीचे मोजताय ते एकदा बघा. दुकानात आपण बॅग केवढी मोठी आणि कोणत्या कंपनीची ते बघून किंमत ठरवतो. तुमच्यासारख्या लहान चणीच्या बाईने आधी बघायचं ते रिकाम्या बॅगेचं वजन.

देशांतर्गत विमानात साधारणपणे ७ किलोची एक बॅग हातात नेता येते. इंडिगोचं माप ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर आहे, तिन्हींची बेरीज ११५. पर्स किंवा लॅपटॉपची लहान पिशवी वेगळी चालते. हे माप चाकं आणि मूठ धरून असतं, नुसत्या खोक्याचं नाही. तुम्ही पाहिलेली टणक कवचाची ट्रॉली रिकामीच अडीच ते तीन किलो भरते. पावणेतीन धरा. उरले सव्वाचार किलो. त्यात दोन दिवसांचे कपडे, फायली, चार्जर. साधी चांगली सॅक ८०० ग्रॅम ते १ किलोत येते, म्हणजे सामानाला सहा किलो उरतात. अकरा हजार देऊन तुम्ही पावणेदोन किलो जागा गमावणार, आणि ते ओझं डोक्याच्या वर उचलणार, तेही रिकाम्या प्लास्टिकचं.

शिवाय ७ किलो ही विमान कंपनीची मर्यादा आहे, तुमची नव्हे. शाळेच्या दप्तरांसाठी केंद्राचं २०२० चं धोरण आहे, त्यात दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नको असं म्हटलं आहे. मोठ्या माणसाला तोच नियम लावायचं कारण नाही, पण अंदाज येतो: तुमचे ४३ किलो, तर ७ किलो म्हणजे १६ टक्क्यांहून जास्त. ७० किलोच्या माणसाला तेच १० टक्के. सॅक धरून पाच-साडेपाच किलोत भागवायचं ठरवा. कपडे एक जोड कमी करा, प्रशिक्षणाचे तक्ते गुंडाळून नेण्यापेक्षा तिथे छापून घ्या.

चाकांचं म्हणाल तर विमानतळावर ती छान धावतात, त्यात वाद नाही. पण नागपूरचा विमानतळ चालायला फार मोठा नाही, आणि बंगळुरूला सामानाच्या ढकलगाड्या फुकट मिळतात. तुमचा खरा प्रवास गावच्या फाट्यापासून घरापर्यंतचा आहे. जुलैत काळ्या मातीच्या चिखलात चार चाकांची ट्रॉली दहा पावलं ओढून बघा. चिखल चाकांत असा बसतो की मग ती बॅग उचलूनच न्यावी लागते. एसटीत चढताना पायऱ्या, आत गर्दी, वरच्या फळीवर आधीच कुणाचं तरी गाठोडं. चाकं लागतात तिथे सोय आधीच आहे, आणि सोय नाही तिथे चाकं चालत नाहीत.

एक बारीक गोष्ट ट्रॉलीच्या हँडलची. बऱ्याच ट्रॉल्यांचं हँडल पूर्ण ओढलं की साधारण मीटरभर उंच येतं. तुमच्या उंचीला ते कोपराच्या वर जातं आणि खांदा उचलून ओढावं लागतं. मधल्या टप्प्यावर अडकणारं हँडल असलं तर ठीक. हे विक्रेता सांगत नाही, आपणच ओढून बघायचं असतं.

तर मग सॅक. पण ती मापाची हवी, आणि इथेच लोक पैसे वाया घालवतात. विमान कंपनीने ५५ सेंटिमीटरची मुभा दिली म्हणून ५५ ची घ्यायची, असं नाही. घरी कुणाला तरी टेप घेऊन बसवा. मान पुढे झुकवली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं, तिथून सुरुवात. मग दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा, अंगठे मागे पाठीकडे. दोन अंगठ्यांच्या रेषेपर्यंत टेप आणा. तुमच्या उंचीला हे माप ४० सेंटिमीटरच्या आसपास किंवा थोडं कमीच येईल. ५५ ची सॅक या पाठीवर ढुंगणापर्यंत लोंबते, मागे ओढते, आणि खांद्याचे पट्टे कितीही आवळले तरी सैलच वाटतात. ४५ ते ४८ सेंटिमीटर उंचीची, २८ ते ३० लिटरची बघा. पट्टे अरुंद आणि आत वळलेले, छातीवर एक आडवा पट्टा, आणि सुटकेससारखी पूर्ण उघडणारी चेन. कमरेचा पट्टा असला तर वजन खांद्यावरून कमरेवर उतरतं, पण तो सलवार-कमीजवर. नऊवारी-सहावारीवर निऱ्यांचं काय होतं ते एकदा करून बघा म्हणजे कळेल. साडीतच प्रवास करत असाल तर कमरेच्या जाड पट्ट्याचे जास्तीचे पैसे देऊ नका.

या मापाचा आणखी एक फायदा आहे आणि तो तुमच्या मूळ तक्रारीवरचा उपाय आहे. एवढी सॅक ठासून भरली नसेल तर पुढच्या सीटखाली जाते. वर ठेवायचीच नाही, मग कुणाला भाऊ म्हणायचंही नाही. फक्त पहिली रांग आणि आपत्कालीन दाराची रांग सोडून सीट मागा, तिथे उड्डाणाच्या वेळी पायाशी सामान ठेवू देत नाहीत. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली. पुढेमागे तिकडून जायची वेळ आली, तर तिथे येणारी एटीआर विमानं लहान असतात, वरचे कप्पेही लहान. ट्रॉली तिथे आणखीच अडचणीची.

मिस्टरांच्या हजाराच्या बॅगेत चूक किमतीची नाही. फुटपाथवरच्या बॅगेची चेन आणि पट्ट्याची शिलाई पहिल्यांदा जाते, आणि ती जाते प्रवासात. आर्वीत चेन बसवून मिळेल, बंगळुरूच्या विमानतळावर नाही. घरगुती कामाला, वावरात डबा न्यायला ती बॅग उत्तम. तुमच्या लॅपटॉपला नको.

आता त्या १,२०० रुपयांकडे येऊ, कारण खरा हिशेब तिथे आहे. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. एक चुकलेली बस म्हणजे तुमचे नागपूरचे कितीतरी फेरे. पट्ट्यावर थांबणं टळलं आणि वर्षात दोनदा जरी लॉज वाचलं, तरी २,४०० वाचले. चार हजारांची सॅक दुसऱ्या वर्षात फिटली. ९,४०० ची ट्रॉली रोखीने घेतली तरी तिला त्याच बचतीतून फिटायला चार वर्षं लागतील, आणि ती तुम्ही वर ठेवू शकणार नाही म्हणून बहुधा काउंटरवरच द्याल. म्हणजे ती बचतही होणार नाही.

ज्या फेरीला प्रात्यक्षिकाचं सामान असेल, विळा वगैरे, ते हातातल्या बॅगेत चालणारच नाही. अशा वेळी लग्नातली जुनी बॅग काढा आणि काउंटरवर द्या. बहुतेक साध्या तिकिटात १५ किलो धरलेलेच असतात, त्याला वेगळे पैसे नाहीत. मात्र त्या दिवशी परतीचं विमान दुपारचं मागा. तिकीट संस्था काढते, वेळ तुम्ही सांगू शकता.

माझं मत कधी बदलेल? खांद्याचं किंवा पाठीचं दुखणं असेल तर. किंवा संस्थेची गाडी दारापर्यंत सोडत असेल तर. तेव्हाही टणक चार चाकी नको, कापडी, दोन मोठ्या चाकांची, ५० सेंटिमीटरच्या आतली, रिकामी दोन किलोच्या जवळपासची बघा, आणि रोखीनेच.

खरेदीला जाताना घरून साडेचार किलो सामान एका थैलीत न्या. गावातल्या गिरणीच्या काट्यावर आधी तोलून घ्या. दुकानात ते सॅकमध्ये भरा, पाठीवर टाकून पाच मिनिटं फिरा, मग एकट्याने डोक्याच्या वर उचलून एखाद्या उंच कप्प्यात ठेवून बघा. विक्रेता कंटाळला तर कंटाळू द्या. तुम्ही लिहिलंय की दीर पुण्याहून मागवून देतो म्हणतात. त्यांना नाही म्हणा, पाठीचं माप फोनवर लागत नाही.

बिल तुमच्या नावाने घ्या, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख मारून घ्या, आणि त्याच दिवशी दोन्हींचा फोटो काढून ठेवा, कारण मशीनमधून निघणारी बिलं वर्षभरात पांढरी पडतात. वॉरंटी बहुतेक करून बनावटीतल्या दोषापुरती असते, झिजण्याला किंवा वाहतुकीत फाटण्याला नाही, ते कार्डावर वाचून घ्या. आणि त्या बिलाची एक प्रत पुढच्या प्रवासखर्चाच्या अर्जाला जोडा. फिरणं संस्थेच्या कामाचं आहे, तर बॅगेचे निम्मे तरी मागायला हरकत नाही. अर्जात लॉजचे १,२०० रुपयेही लिहा.