पुलाखालचं पाणी तोडायचं आहे

प्रश्न : ताई, पुराच्या वेळी आयर्विन पुलाचा फोटो काढला होता. त्याला ग्लिच इफेक्ट, म्हणजे फाइल बिघडल्यासारखा तुटका लूक द्यायचा आहे. फोनमधल्या अॅपनं लाल-निळ्या कडा येतात, पण मग सगळ्यांचे फोटो एकसारखेच दिसतात. मैत्रीण म्हणाली, फाइल नोटपॅडमध्ये उघड आणि मधली अक्षरं खोड. तसं केलं तर फोटो उघडतच नाही. कुठं चुकतंय? – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : नोटपॅड आधी सोडून दे. ते फोटोलाही मजकूरच समजतं आणि सेव्ह करताना जे बाइट (फाइल ज्या आकड्यांची बनते ते) त्याला कळत नाहीत ते बदलून टाकतं. त्यात सुरुवातीचं हेडरही बिघडतं. फोटो किती रुंद, किती उंच, उलगडायचा कसा, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं. विंडोजवर एचएक्सडी (HxD) नावाचा हेक्स एडिटर फुकट मिळतो, तो घे. तो प्रत्येक बाइट दोन अक्षरांच्या जोडीत दाखवतो आणि बाकीच्यांना हात लावत नाही. आणि हात घालायचा तो कॉपीलाच.

मला हे वेड लागलं ते एका नुकसानीतून. आज्जीच्या गावच्या जत्रेचे फोटो असलेलं कार्ड खराब झालं. परत मिळवलेल्या एका फोटोत आज्जीच्या कपाळापर्यंत सगळं जागच्या जागी होतं. कुंकवाखाली चेहरा एकदम डावीकडे सरकलेला आणि तिथून तळापर्यंत सगळं हिरवट. रडूच आलं. पण ती रेघ नेमकी तिथंच का, याचा पिच्छा मी सोडला नाही.

फोनमधले फोटो बहुधा जेपीईजी प्रकारच्या फाइलमध्ये असतात. त्यात फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतात आणि ते वरून खाली लिहीत जातात. चौकोनाचा सरासरी उजेड आणि रंग पूर्ण लिहीत नाहीत, आधीच्या चौकोनापेक्षा फरक किती, एवढंच लिहितात. दुकानाच्या वहीत एका पानाची बेरीज चुकली, की ‘मागील पानावरून’ म्हणत आलेली पुढची प्रत्येक बेरीज चुकते, तसं होतं.

तुला तेच हवंय. फाइलच्या मध्यापुढं जाऊन दोन-तीन बाइट बदल. ४७ असेल तिथं १२ टाइप कर, सेव्ह करून बघ. वरचा पूल शाबूत, खालचं पाणी तुटलेलं. मात्र मोकळं आभाळ थोड्याच बाइटमध्ये मावतं, कमानी आणि लाटा जास्त जागा खातात, त्यामुळं फाइलचा मध्य म्हणजे फोटोचा मध्य नव्हे. दोन-चारदा अंदाज चुकेल. हावरटपणानं वीस-वीस बाइट बदलू नकोस, नुसता चिखल होतो.

दुसरी रीत मला जास्त आवडते, आणि पाण्याला ती फार शोभेल. फोटो १००० बाय ७५० पिक्सेलचा करून पेंटमधून २४ बिटचा बीएमपी म्हणून सेव्ह कर, त्यात प्रत्येक पिक्सेल सुटा लिहिलेला असतो. मग ऑडॅसिटी या आवाजावर काम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इम्पोर्ट रॉ डेटा’ घे. तिथं यू-लॉ (आवाज लिहिण्याची एक पद्धत), मोनो, ४४१०० हर्ट्झ निवड. तुझा फोटो ५१ सेकंदांची घरघर होऊन समोर येईल. बीएमपीत बहुधा सगळ्यात खालची ओळ पहिली असते, म्हणजे पाणी सुरुवातीलाच. पहिल्या सेकंदाला हात लावू नकोस, हेडर तिथं आहे. २ ते १७ सेकंद निवडून एक सेकंदाचा एको, म्हणजे प्रतिध्वनी दे. एका ओळीत ३००० बाइट, म्हणजे एक सेकंदात पंधराला जराशा कमी ओळी. तेवढ्याच ओळी वर, रुंदीच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाइतकी बाजूला सरकून, प्रत्येक लाट पुन्हा उमटते. एक्स्पोर्टही हेडरशिवाय रॉ, यू-लॉमध्येच, आणि फाइलच्या नावाशेवटी बीएमपी. उघडला नाही, तर मूळ फाइलचे पहिले ५४ बाइट एचएक्सडीत आणून त्याच जागी चिकटव.

पहिल्या रीतीनं तोडलेला फोटो मनासारखा दिसला, की तिथल्या तिथं स्क्रीनशॉट घेऊन पीएनजी करून ठेव. बिघडलेली जेपीईजी प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या परीनं उलगडतं. कुठं रंग वेगळे, कुठं उघडतही नाही. आज्जीच्या त्या फोटोचा स्क्रीनशॉट मी घेतला नव्हता. नव्या लॅपटॉपवर तो कुंकवाखाली नुसता राखाडी दिसतो.